तिसऱ्या दगडाला पाणी लागलं की

आमच्याकडे दुर्बीण एकच आहे. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट जवळ आणणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली. घेताना नवरा दहापटीच्या दुर्बिणीसाठी अडून बसला होता. पण दहापटीची दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही दहापट करून दाखवते, आणि पन्नाशीनंतर हात कुणाचे स्थिर असतात? तेव्हा आठाची आली. आमचं वाजतं ते त्यावरून नाही, उजव्या डोळ्याच्या कडीवरून. मधल्या चाकाने डावा डोळा जुळवायचा आणि मग उजव्या नळीवरची कडी फिरवून उजवा, अशी रीत. त्याच्या डोळ्याचा नंबर वेगळा, माझा वेगळा. दुर्बीण हातातून हातात गेली की कडी फिरवायची, तोवर पक्षी उडालेला. शेवटी मी कडीवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. लाल माझा, पांढरा त्याचा. तरीही "तू परत लालवर ठेवलीस" हे दर फेरीत एकदा तरी ऐकावं लागतंच.

दुसरी वाटणी वयाने केली. त्याच्या कानांतून वरच्या पट्टीचे आवाज हळूहळू गेले. बोलणं नीट ऐकू येतं (सोयीचं असेल तेव्हा), पण छोट्या खंड्याची ती सुईसारखी शीळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माझे कान शाबूत आहेत, पण चिखलात बसलेला चिखलाच्याच रंगाचा पक्षी मला लवकर सापडत नाही. त्याला झटक्यात दिसतो. म्हणून मी ऐकायचं आणि त्याने शोधायचं. दिशा सांगायला घड्याळाचे आकडे वापरतो. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. ही पद्धत ठरल्यावर पहिल्याच दिवशी मी कुजबुजले, "अकरा वाजता, खंड्या!" त्याने मनगटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "अजून साडेसातच झालेत."

ज्या नदीची ही गोष्ट आहे ती समुद्रापासून बरीच आत आहे, तरी तिचं पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं. एका काठाला तिवरांची दाटी. दुसऱ्या काठाला मातीचा बांध, त्यापलीकडे खारवट पडीक जमीन. मध्ये एक मोठं वळण आहे आणि वळणाच्या आतल्या अंगाला गाळ साचून भलं मोठं चिखलाचं मैदान तयार झालंय. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे येईल.

पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या. एखाद्या तळ्यावर जावं तसे आम्ही सूर्योदयाला जाऊन उभे राहिलो. नदी काठोकाठ भरलेली, तिवरांची खालची पानं पाण्यात, चिखल वीतभरही उघडा नाही. एका खांबावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता, तेवढंच. नदी बघायला गेलो असतो तर सकाळ फार सुंदर होती. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून ऐन ओहोटीला गेलो. आता चिखलच चिखल, आणि पक्षीही होते, पण पार पलीकडे, पाण्याच्या कडेला, तिळाएवढे. शिवाय संध्याकाळ. उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत, आणि समोरचा प्रत्येक पक्षी काळा. नवऱ्याने त्या दिवशीच्या वहीत लिहिलं, "बरेच पक्षी, सगळे दूर."

पाणी पूर्ण चढलं की पक्ष्यांना पाय ठेवायला जागा नसते. ते कुठेतरी कोरड्यावर जाऊन एका पायावर झोपा काढतात. पाणी पूर्ण उतरलं की जागा इतकी होते की ते कुठेही पांगतात. गंमत मधल्या वेळेत आहे. पाणी चढायला लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि चरणारे पक्षी पाण्याच्या पुढे पुढे सरकत काठाकडे येतात. तुम्ही काठावर आधीच बसलेले असलात, हललात-बोललात नाहीत, तर पाणी त्यांना तुमच्यापर्यंत आणून सोडतं. त्यांच्या मागे चालत गेलात तर ते उडतात, तुम्ही फसता, आणि बूट चिखलात राहतो. हे आम्हाला दोन फेऱ्या आणि एक बूट घालवून कळलं.

तेव्हा तिसऱ्या फेरीची आखणी नवऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन केली. मार्चचा शेवट, पौर्णिमेचा दुसरा दिवस. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाचं पाणी, सुस्त. त्यातही मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराची उधाणं मोठी, कारण सूर्य तेव्हा विषुववृत्तावर असतो. म्हणजे चिखल भरपूर उघडा पडणार आणि पाणी झपाट्याने परत येणार. वेळापत्रक मिळालं ते नदीच्या मुखावरचं. ओहोटीचा तळ सकाळी सव्वासहा, पूर्ण भरती दुपारी साडेबारा. पण आत यायला पाण्याला वेळ लागतो. दुसऱ्या फेरीत आम्ही घड्याळ लावून पाहिलं होतं. मुखावर ओहोटी संपल्यावर आमच्या वळणावर ती पावणेदोन तासांनी संपत होती. त्याने दोन्ही वेळांत पावणेदोन तास मिळवले. तळ आठ वाजता, भरती सव्वादोनला. कागदाखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांनीच घात केला, पण ते नंतर.

साडेसातला आम्ही ओहोळ ओलांडला. बांधाखालून येणारं पाणी नदीला मिळतं तिथे तो आडवा येतो. उतरायला कुणीतरी चार दगड पायऱ्यांसारखे रोवलेत. तेव्हा सगळ्यात खालच्या दगडाच्याही खाली पाणी होतं, घोट्यापर्यंत. पलीकडे पन्नास पावलांवर एका आडव्या पडलेल्या खोडाशी आम्ही बसलो. सूर्य पाठीशी, समोर वळण, ओहोळ पाठीमागे. नवऱ्याने मांडीवर वही उघडली. मी डोळे मिटले.

डोळे मिटून बसणं ही माझी जुनी खोड आहे. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. तिवरांत सुभग पक्ष्याची लांब शीळ होती. मागे बांधावर दोन टिटव्या कशावरून तरी भांडत होत्या. समोरून मात्र एक वेगळाच आवाज येत होता. चिखलाचा. ओला चिखल उघडा पडला की तो चुरचुरतो, टचटच करतो, लाखो लहान बुडबुडे फुटल्यासारखा. डोळे उघडून दुर्बीण लावली (पांढऱ्यावर होती). सगळा चिखल हलत होता. अंगठ्याच्या नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर आले होते आणि त्यांतले नर आपली एकच मोठी नांगी वर-खाली, वर-खाली करत होते. लांबून पाहिलं तर कुणी कुणाला बोलावतंय असं वाटावं. खरं तर माद्यांनाच बोलावत होते. मधूनच एखादी निवटी शेपटीच्या फटक्याने उडी मारून दुसऱ्या डबक्यात जायची. हा मासा कल्ल्यांत पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत चिखलावर फिरतो. नवरा म्हणाला, "पक्षी बघायला आलोय ना आपण?" मी म्हटलं, पक्षी हेच बघायला आलेत.

पहिला जवळ आला तो तुतवार. तो कधी स्थिर उभाच राहत नाही, मागची बाजू सतत वरखाली नाचवत चालतो. छातीचा पांढरा रंग खांद्याजवळ वर चढलेला असतो, ती खूण लक्षात राहिली की पुन्हा चूक होत नाही. त्याच्या मागे चिखल्यांची टोळी. चिखल्या आणि तुतवारांच्या जातभाईंमधला फरक पुस्तकात चोचीच्या लांबीवरून सांगतात, पण वागण्यावरून तो अर्ध्या मिनिटात कळतो. चिखल्याचे डोळे मोठे. तो चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, टोचतो, पुन्हा पळतो. लांब चोचीचे मात्र डोळ्यांवर विसंबत नाहीत. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळणारे सूक्ष्म खड्डे असतात. ते शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत जातात, आणि आत काही लागलं तर बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडतात. गाळात पूर्ण चोच उघडायला किती जोर लागेल याचा विचार केला की ही सोय किती अक्कलहुशारीची आहे ते पटतं.

नऊ वाजले तरी पाणी जेमतेम हललं होतं. नवरा मोजणीत गुंग. मोठा थवा मोजायची त्याची पद्धत साधी आहे. दहा पक्षी मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवायचं आणि मग तो ठोकळा थव्यावर ठेवत जायचं. त्याचे १४० आले, माझे ११०. आम्ही १२५ लिहिणार होतो, तेवढ्यात सगळे उडाले आणि वळून परत उतरले. आता त्याचे १२०, माझे १३५. वहीत ११० ते १४० असंच आहे.

साडेनऊनंतर चित्र पालटलं. पाणी आता दिसेल इतकं सरकत होतं. फेसाची एक बारीक कड चिखलावरून पुढे येत होती आणि त्या कडेच्या पुढे, तिच्याच वेगाने, पक्षी. आधी लाल पायांचे टिलवे आले. हे सगळ्यांत घाबरट आणि सगळ्यांत बोलके. कुठे काही हललं की यांचा गलका आधी. मग पाणटिवळे, पोटापर्यंत पाण्यात, सरळ लांब चोच मुळापासून बुडवून. आणि सगळ्यांच्या मागे, जणू घाई त्याला शोभत नाही अशा चालीने, कोरल.

मी दुर्बीण हिसकावून घेतली. लालवर करायला अर्धा सेकंद. कोरलाची चोच एवढी लांब आणि खाली वाकलेली असते की चित्रात पाहिलं तर चित्रकाराचा हात घसरला असं वाटेल. तो एका बिळापाशी थांबला. डोकं तिरकं केलं आणि चोच आत सरकवली, अगदी डोळ्याच्या जरा खालपर्यंत. चोचीचा बाक बिळाच्या बाकाशी जुळवत त्याने मान फिरवली. क्षणभर काहीच नाही. मग मागे खेचून त्याने एक खेकडा बाहेर काढला, चोचीच्या टोकात धरलेला. खेकडा त्याने गिळला नाही. आपटला. पुन्हा उचलून झटकला, तसा एक पाय तुटून उडाला. मग दुसरा. नांगी सुटली. सगळं अवघड सामान काढून झाल्यावर दोन पावलं चालून तो गोळा त्याने पाण्यात बुचकळला, चिखल धुतला, मान मागे टाकली आणि गिळला. इतक्या लांब चोचीच्या टोकापासून घशापर्यंत घास आणायला त्याला तीन हिसके द्यावे लागले. मग खेकड्याचे पाय जिथे तुटून पडले होते तिथे तो परत आला आणि उरलेले पायही वेचून खाल्ले. सगळा प्रकार आमच्यापासून तीस पावलांवर. नवरा शेजारी "दे ना, दे ना" करत होता. मी दिली नाही. त्याबद्दल अजून ऐकते आहे.

त्याच्या वाट्याला आले ते कर्ल्यू सँडपायपर. नाव कोरलावरून पडलंय (कर्ल्यू म्हणजे कोरल), चोच तशीच बाकदार, अंगाने मात्र हा साळुंकीपेक्षाही लहान. थंडीत सगळे एकजात राखाडी असतात. आता मार्चअखेर त्यांचा वीण-पिसारा उगवत होता, आणि तो सगळ्यांचा एकाच वेळी उगवत नाही. कुणाच्या छातीवर विटकरी रंगाचे दोन ठिगळ, कुणी मानेपासून पोटापर्यंत विटकरी, कुणी अजून कोराच. अर्धवट रंगवून सोडलेल्या भिंतींसारखी ती टोळी दिसत होती. काहींची पोटंही चांगली लोंबत होती. तो लठ्ठपणा इंधन आहे. हे पक्षी अंडी घालायला उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियात जातात, आणि निघण्याआधीच्या आठवड्यांत ते चरबी साठवतात. पाणटिवळ्यांच्या एका भाऊबंदावर, पट्टेरी शेपटीच्या गॉडविटवर, शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं ते ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचलं. या जातीचे पक्षी निघण्याआधी जठर, आतडी यांसारखे अवयव आकसून घेतात, कारण वाटेत खायचंच नसेल तर ते ओझं कशाला? नवऱ्याला हा आकडा फार आवडतो. कुणी आम्हाला "तुम्ही नुसतं बसून काय बघता?" असं विचारलं की तो १३,५६० म्हणतो.

आमच्या समोरचे तसे विक्रमी नसतील. पण त्यांचं निघायचं चाललं होतं हे कळत होतं. खाण्यात एक घाई होती. मध्येच सात-आठ जण उडायचे, उंच जाऊन एक फेरी मारायचे, ओरडायचे आणि परत यायचे. "बॅग भरून दारात उभे आहेत," मी म्हटलं. तो म्हणाला, "आपल्यासारखे नाहीत. आपण दारात उभे राहून गॅस बंद केला का ते आठवतो."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा समोर चिखलाची ताटलीएवढी बेटं उरली होती. त्यांच्यावर सगळे दाटीवाटीने, वाऱ्याकडे तोंड करून, काही पाय पोटात घेऊन उभे. मग कुणी इशारा दिला ते कळलं नाही, पण सगळा थवा एकदम उठला, एकदा पांढरा एकदा राखाडी असा पलटत वळणाच्या पलीकडे गेला. आम्ही वही मिटली. हिशेबाप्रमाणे भरतीला अजून तीन तास होते. पाठ वळवली.

ओहोळाचे चारही दगड पाण्याखाली होते.

आधी आम्हाला वाटलं, जागा चुकली. मग कुणीतरी रोवलेली ती वाकडी काठी ओळखीची वाटली, आणि तिचा फक्त शेंडा वर होता. नवऱ्याने बूट काढून हातात घेतले. "कंबरेपर्यंत असेल. दहा पावलं आहेत." मी म्हटलं, आधी काठी घाल. त्याने वाळकी फांदी पाण्यात रोवली. पाणी कंबरेच्या वर लागलं, ठीक. पण फांदी तळाला टेकून थांबली नाही. ती खाली गाळात गुडघाभर आणखी गेली, आणि वर ओढायला त्याला दोन्ही हात लावावे लागले. शिवाय पाणी उभं नव्हतं, बांधाकडे चांगल्या ओढीने आत शिरत होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फांदीकडे, आणि बूट घालायला खाली बसला. तीस वर्षांच्या संसारात न बोलता सुटलेले वाद मी बोटांवर मोजू शकेन. हा त्यातला एक.

चूक कुठे झाली ते घरी आल्यावर सापडलं. एक तर भरती सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे. साधारण सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी. आम्ही पहिल्या तासाची सुस्ती बघून निर्धास्त झालो होतो. दुसरी चूक जास्त खोल होती, ती त्या दोन रेघांची. उथळ नदीत भरतीची लाट खोल पाण्यावरून येते म्हणून भराभर येते. ओहोटीचा तळ उथळ पाण्यातून सरकतो म्हणून रेंगाळतो. त्यामुळे नदीत जितकं आत जावं तितकी ओहोटी लांबते आणि भरती आखूड होते. मुखापेक्षा तळ आमच्याकडे पावणेदोन तास उशिरा, पण भरती जेमतेम पाऊण तास उशिरा. सव्वादोन नव्हे, सव्वा. सहा तासांचं काम नदीने सव्वापाच तासांत उरकलं होतं.

पण हे नंतरचं. तेव्हा आमच्यासमोर एकच वाट होती. ओहोळाला वळसा घालून बांधावरून जायचं, तीनेक किलोमीटर, डोक्यावर ऊन. बाटलीत दोन घोट पाणी. पहिला किलोमीटर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो कागदाचा विचार करत होता आणि मी बुटांचा.

मग टिटवी उठली. सकाळी मागे भांडत होती तीच जोडी असावी. एक डोक्यावरून, हाताला लागेल इतकी खाली येऊन ओरडत गेली, दुसरी समोर उतरून अंग वाकवत पळायला लागली, एक पंख लोंबवत. नवऱ्याला आनंद झाला. दुर्बीण डोळ्यांना लावून तो तिच्या मागे निघाला. मला मात्र तो लोंबणारा पंख खटकला. लोंबणारा पंख म्हणजे "माझ्यामागे ये, तिकडे बघू नकोस." म्हणून मी तिकडेच बघितलं. "थांब. पाय उचलू नकोस." तो थांबला. त्याच्या उजव्या बुटापासून हातभर अंतरावर, खड्यांच्या एका उथळ खळग्यात चार अंडी होती. घरटं असं काहीच नाही. मातकट रंग, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आत वळलेली, आसपासच्या खड्यांत अशी मिसळलेली की मी नजर हलवून परत आणली तर मला पुन्हा शोधावी लागली. त्याला, झटक्यात पक्षी दिसणाऱ्याला, ती दिसलीच नव्हती. दुर्बीण लावून चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही.

आम्ही आल्या पावली मागे सरलो, बांधाच्या खालच्या अंगाने लांबून वळसा घेतला आणि साठेक पावलांवरच्या एका बाभळीखाली टेकलो. फोटो काढला नाही. दुपारच्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आतला जीव शिजतो, आम्ही तिथून निघणं हीच मदत होती. टिटव्या आणखी थोडा वेळ कोकलल्या. मग एक गप्प झाली आणि ओहोळाच्या कडेला गेली. पाण्यात पोट टेकवून बसली, अंग हलवून पिसं भिजवली, उठली आणि धावत-थांबत, उगाच इकडे तिकडे टोचल्याचं नाटक करत खळग्यापाशी आली. पोटाखालून थेंब गळत होते. पाय वाकवले, पोटाची पिसं फुगवली आणि अंड्यांवर बसली. ओल्या पोटाने अंडी थंड ठेवायची ही टिटवीची युक्ती मी वाचली होती. ते थेंब बघितले तेव्हा कुठे पटलं.

"लालवर ठेव," मी म्हटलं आणि हात पुढे केला. तो म्हणाला, "लालवरच आहे. मी तशीच बघतोय." म्हणजे इतका वेळ तो धूसर टिटवी बघत होता.

पक्ष्यांच्या यादीत त्या दिवशी २९ जाती झाल्या. यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकताना टिटवीसमोर फक्त २ लिहिलं आणि अंड्यांबद्दल अवाक्षर नाही. नदीचं नाव इथे नाही ते याच कारणाने. पडीक जमिनीवरचं एक खळगं, तिथे दहा जण कॅमेरे घेऊन आले तर संपलंच.

पुढची पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीला होती. भरती-ओहोटीच्या वेळा पुन्हा जवळपास त्याच. पुन्हा साडेसातला ओहोळ ओलांडला, पुन्हा त्याच खोडाशी बसलो. या वेळी तिरके, ओहोळ डोळ्याच्या कोपऱ्यात राहील असे. खेकडे नांग्या हलवत होते, निवट्या उड्या मारत होत्या, चिखल चुरचुरत होता. वर कुणीच नाही. साडेनऊला पाण्याची कड पुढे यायला लागली आणि तिच्यापुढे रिकामा चिखल. बऱ्याच वेळाने नवऱ्याने बोट केलं. एक कर्ल्यू सँडपायपर, एकटा, पूर्ण राखाडी, विटकरी रंगाचा एक ठिपका नाही. गेल्या वर्षी जन्मलेला असणार. या जातीतले बरेच पक्षी पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत, थंडीत येतात त्याच किनाऱ्यावर राहून जातात. तो पाण्याच्या कडेने टोचत टोचत आला. आमच्यासमोर दहा पावलांवर थांबला, पंख ताणला, पुन्हा टोचायला लागला. वहीत १ लिहिलं. यावर आमच्यात मतभेद नव्हता.

बांधाकडून टिटवी ओरडली. लांबवर, पण जोरात, आणि खळग्याच्या जागेपासून बरीच अलीकडे. पिल्लं बाहेर पडून फिरायला लागली की त्या अशाच जागा बदलत ओरडतात. "ऐकलंस?" मी विचारलं. "हे मलाही ऐकू येतं," तो म्हणाला.

तिसऱ्या दगडाला पाणी लागलं तसे आम्ही उठलो.